वाघ दाखवणं हे आमचं काम नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सफारीवरचा लेख वाचला. तीन फेऱ्या झाल्या, वाघ दिसला नाही, पैसे पाण्यात गेले आणि दोष कोणाचा, तर गाईडचा. ‘गाईडला झाडांची नावं सांगण्यातच जास्त रस होता’ हे वाक्य लेखकाने चक्क तक्रार म्हणून लिहिलं आहे. मी स्वतः गाईड आहे. रात्रीच उत्तर लिहायला बसले होते, पण त्यात बरंच काही छापण्याजोगं नव्हतं, म्हणून सकाळी पुन्हा लिहून पाठवते आहे.

‘वाघ वाढले म्हणतात, मग आम्हाला दिसत का नाहीत?’ असा लेखकाचा सवाल. वाढले हे खरंच. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. पण हे ४४४ सगळ्या राज्याचे झाले, आणि तुमच्या बुकिंगची वेळ त्यांना कोणी कळवत नाही. एकट्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र कोअर (आतला गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) मिळून १,७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्यातही कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन करता येतं, असं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरलं आहे. कोअरच्या उरलेल्या भागात वाघाला सफारीच्या जिप्सीचं तोंड पाहावं लागत नाही. तो तिकडे जाऊन बसला तर मी काय त्याला नोटीस बजावू?

असो. झाडांच्या नावांचं ते वाक्य मला लागलं, कारण जवळजवळ तेच वाक्य मी आमच्या गेटवरच्या तक्रारवहीत वाचलं आहे, माझ्याविरुद्ध लिहिलेलं. गेट कुठलं ते सांगत नाही.

मे महिन्यातली सकाळची फेरी होती. गाडीत शहरातलं एक कुटुंब. आजोबा, दोन जोडपी आणि नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. मला पाहिल्या पाहिल्या त्यातल्या एका गृहस्थांनी ड्रायव्हरला विचारलं, ‘बाई गाईड आहे? म्हणजे आज वाघ विसरायचा.’ मी ऐकलं नाही असं दाखवलं. सवय झाली आहे.

थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेला अस्वलाने फोडलेलं वारूळ दिसलं. माती अगदी ताजी, नखांचे ओरखडे स्पष्ट. गाडी थांबवली आणि मुलाला सांगितलं की अस्वलाच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. वारूळ उकरलं की ते आधी फुंकर मारून माती उडवतं, मग नाकपुड्या मिटून त्या फटीतून वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज लांबपर्यंत येतो. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर!’ मी म्हटलं, बरोब्बर. मग मोहाचं झाड आलं. अस्वलाला मोहफूल फार आवडतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात आमच्या गावच्या बायाही तीच फुलं वेचायला जातात. माझी आई जायची तेव्हा तिला वाघाचं भय नसायचं, अस्वलाचं असायचं. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा बाजूला होतो. अस्वल खाली मुंडी घालून खात असतं, त्याला तुम्ही अगदी जवळ गेल्यावर कळता आणि ते घाबरून अंगावर येतं. हे सगळं मुलगा कान देऊन ऐकत होता. मागच्या सीटवरून मात्र ‘मॅडम, टायगर’, ‘मॅडम, टायगर’ चालूच.

तेवढ्यात सांबराचा कॉल आला, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावर ते देतं ती इशाऱ्याची हाक. चितळ कशालाही ओरडतं, सांबर उगाच ओरडत नाही, म्हणून आम्ही पाणवठ्याकडे निघालो. तिथे आधीच गाड्यांची रांग लागलेली. वाघीण बांबूत बसली होती, कान तेवढे हलताना दिसत होते. गृहस्थांनी खिशातून नोटा काढून ड्रायव्हरपुढे धरल्या. ‘गाडी पुढे घे, त्या वळणावर आडवी लाव, ती तिथूनच निघणार.’ ड्रायव्हर आमच्याच गावचा पोरगा. त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘ताई, साहेब मानून नाही राहिले जी.’ मी म्हटलं, गाडी हलणार नाही. ती निघायची असेल तर तिची वाट मोकळी पाहिजे.

वाघीण काही निघाली नाही. वेळ संपली, आम्ही परतलो आणि गृहस्थांनी वही मागवली. ‘गाईडला वाघाबद्दल उत्साह नाही. झाडे व वारुळे दाखवून वेळ घालवला. महिला असल्याने पुढे जाण्यास घाबरते.’ यावर मला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि खुलासा वाचून होईपर्यंत माझा नंबर लागला नाही. आम्हाला पगार नसतो हे लेखकाला माहीत नसावं. नंबर लागला, गाडीत बसलो, तर त्या दिवसाचे पैसे. वाळवी, मोह, कॉल हे सगळं आम्हाला वनविभागाच्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं, तेच सांगितलं म्हणून मी घरी बसले.

आणि गाडी आडवी लावली असती तर? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि जिप्सीचालक निलंबित झाले. चूकच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘और आगे लो, और आगे लो’ म्हणणारे त्या गाड्यांत कोणी नव्हते का? त्यांच्यापैकी एकाचंही नाव मी पेपरात वाचलं नाही. तुमच्याही नाही. थांबलं तर तक्रार, पुढे गेलं तर निलंबन. लेखकाने यातलं कुठलं करायचं ते पुढच्या लेखात जरूर लिहावं, मी कात्रण काढून गेटवर चिकटवीन.

लेखात शेवटी ‘वनरक्षक, गाईड मंडळी किती भाग्यवान, रोज जंगलात फिरतात’ असं एक गोड वाक्य टाकलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधत पायी चालल्या होत्या. वाघिणीने हल्ला केला, त्यात त्या गेल्या. ज्या ४४४ वर लेखकाचा एवढा राग आहे, तो आकडा अशा पायी चालण्यातून तयार होतो. बरोबर रोजंदारीचे वनमजूर असतात, हातात काठी. जिप्सी नसते.

जाता जाता तुमच्या कार्यालयाबद्दल एक. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्राखाली ‘रुबाबदार रानरेडा’ असं छापलं आहे. तो रानगवा आहे. पाय गुडघ्यापासून खाली पांढरे आहेत, पाठीवर उंचवटा आहे, लहान पोरगंही ओळखेल. रानम्हशी पाहायच्या असतील तर गडचिरोलीत कोलामार्क्याला जावं लागेल. छायाचित्र काढणाऱ्याचं नाव आहे, गाडीच्या कंपनीची जाहिरात आहे, तो गवा ज्याने दाखवला त्या गाईडचं नाव नाही. दुरुस्ती छापणार असाल तर पहिल्या पानावर नको, पण निदान जिथे चूक छापली त्याच पानावर छापा. आमच्याकडे पुरवणी सोमवारी दुपारच्या एसटीने येते, मी वाट पाहीन.

आपली,
एका बफर गेटवरची गाईड, विदर्भ
(नाव छापू नये. पुन्हा नंबर जाईल.)