दिल्या, तो रिपोर्ट कपाटात ठेवू नकोस

कोथरूड, पुणे
१८ जानेवारी २०२६

प्रिय दिल्या,

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू आलंय, पण आमच्या ऑफिसात निम्म्यांना तेच आलंय, सोड." आणि लगेच लेकीच्या ॲडमिशनचा विषय काढलास. मीही गप्प बसलो, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून सकाळीच कागद घेऊन बसलोय. पत्र लांबेल, पण पूर्ण वाच आणि मग नीतावहिनींनाही वाचायला दे.

आमचा थोरला, अण्णा, गेला तेव्हा तू तेराव्याला आला होतास. दारात एका नातेवाइकानं हळूच विचारलेलं तूही ऐकलं होतंस, "पीत होता का हो?" तू त्याच्यावर डोळे वटारलेस. अण्णानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, सुपारीचं खांडही खाल्लं नव्हतं. पण झालं काय होतं, ते मी तुलासुद्धा कधी नीट सांगितलं नाही.

२००८ साली ऑफिसच्या तपासणीत त्याच्या सोनोग्राफीत हेच दोन शब्द आले होते. वय ४६. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, तेलकट कमी करा. अण्णानं रिपोर्टची घडी घातली आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवून दिली. दुखत काहीच नव्हतं. दुखणार तरी कसं? लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात, ताण कळतो तो फक्त वरच्या आवरणाला. पुढे मधुमेह आला, बीपी आलं. त्यांच्या गोळ्या तो घड्याळ लावून घ्यायचा. लिव्हरकडे मात्र तेरा वर्षं कुणी वळून पाहिलं नाही.

२०२१ च्या दिवाळीत पायजम्याची नाडी पुरेना. आम्हाला वाटलं, फराळ जास्त झाला. मग मोज्यांचे वळ पायांवर संध्याकाळपर्यंत राहायला लागले. एकदा मी त्याच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि कितीतरी वेळ भरलाच नाही. तो खळगा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोट सुटलं नव्हतं, पोटात पाणी झालं होतं. सिरॉसिस.

त्यानंतर मी या आजाराचं मिळेल ते वाचत गेलो. लिव्हरच्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. बरीच माणसं आयुष्यभर त्याच पायरीवर राहतात, हे खरं आहे. तुझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना सिरॉसिस होणार, असं मी म्हणत नाही. पण काहींच्या लिव्हरला त्या चरबीनं सूज येते, सूज वर्षानुवर्षं राहिली की जखम भरताना जसा वण उरतो तसे आत वण पडत जातात, आणि मऊ लिव्हर हळूहळू निबर होतं. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात, एफ-० ते एफ-४. एफ-४ म्हणजे सिरॉसिस. मधुमेह असला की ही चाल वाढते. आणि एक गोष्ट लक्षात ठेव: सोनोग्राफीतला 'ग्रेड टू' हा चरबीचा अंदाज आहे. वण किती पडलेत, ते त्यात दिसत नाही. पुढे माणसाचं काय होणार, हे मुख्यतः ठरतं ते वणांवर.

लिव्हर निबर झालं की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, दाब तुंबतो. तेच रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांमधून आडवाट काढतं आणि त्या शिरा फुगतात. फेब्रुवारीत एका रात्री अण्णाची तीच शीर फुटली. मोरीत बसून त्यानं रक्ताची उलटी केली आणि मोठ्या वहिनी परातीनं त्याच्यासमोर पाणी ओतत होत्या, काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं म्हणून. एंडोस्कोपी करून शिरांना रबराच्या रिंगा घातल्या, त्या वेळी वाचला.

मग डोक्यावर परिणाम सुरू झाला. निकामी लिव्हर अमोनिया गाळू शकत नाही, तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो. दिवसा झोप, रात्री जाग. ज्या माणसानं बँकेत ३४ वर्षं एकाच वळणाची सही केली, त्याची सही पेन्शनच्या फॉर्मवर जुळेना. तीन फॉर्म वाया गेले. चौथ्या फॉर्मवर तो बोट ठेवून बसला आणि मला म्हणाला, "विनू, माझं आडनाव कसं लिहितात रे?" त्यानंतर रोज ते गोड चिकट लॅक्ट्युलोजचं औषध, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, आणि बिनमिठाचं जेवण. बिनमिठाची आमटी त्यानं दीड वर्ष एका शब्दानं न कुरकुरता खाल्ली.

आता जे तुला सांगितलं नाही, ते.

२०२३ मध्ये ट्रान्सप्लांटशिवाय मार्ग उरला नाही. माझा रक्तगट जुळत होता. मी पन्नाशीचा, धडधाकट, लिव्हरचा भाग द्यायला तयार. घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं. आणि दात्याच्या तपासणीत माझ्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली, देता येणार नाही इतकी. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, बऱ्याच जणांचं तेवढ्यात खाली येतं. मी त्याच संध्याकाळी तळजाईवर चालायला लागलो. अण्णाकडे तीन महिने नव्हते. सात आठवड्यांत तो गेला.

तेव्हा माझं वजन ७९ होतं, आज ७१ आहे. माझं लिव्हर आता साफ आहे. हे मी कुणाला अभिमानानं सांगू शकत नाही, दिल्या. पण तुला सांगतोय, कारण तुझ्या हातात अजून वेळ आहे.

काल रात्री तू पाठवलेला रिपोर्ट मी मोठा करून पाहिला. एसजीओटी ४६, एसजीपीटी ४९ (ही दोन लिव्हरची एन्झाइम्स), प्लेटलेट १ लाख ७५ हजार, वय ५२. यातून वणांचा अंदाज देणारा एफआयबी-४ नावाचा आकडा निघतो. वयाला एसजीओटीनं गुणायचं, आणि प्लेटलेटचे हजार गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, यानं भागायचं. तुझं ५२ गुणिले ४६ म्हणजे २३९२. खाली १७५ गुणिले ७, म्हणजे १२२५. उत्तर १.९५. हा आकडा १.३ च्या खाली असला की जास्त वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असला की बरीच जास्त. तू मधोमध आहेस. मधोमध म्हणजे घाबरायचं नाही, पण पुढची तपासणी टाळायचीही नाही. ती तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. सुई नाही, चिरा नाही. बरगड्यांच्या मध्ये एक उपकरण टेकवतात, टिचकी मारल्यासारखे हलके धक्के बसतात आणि लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये येतं. ८ च्या खाली आलं तर सहसा निश्चिंत राहता येतं. आणि हो, 'एन्झाइम्स जवळपास नॉर्मल आहेत' यावर विसंबू नकोस. वण पडलेले असतानाही ती नॉर्मल येऊ शकतात. अण्णाचीही आली होती.

तू म्हणशील, मी कुठे जाडा आहे? हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, हीच आपल्या लोकांची ठेवण. त्यावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता, ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळं मोजली तर तीही वजनानं लहान, पण त्या मानानं चरबी राखून असलेली. त्यामुळे काट्यापेक्षा टेप जास्त खरा बोलतो. कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की आपल्याकडच्या पुरुषानं सावध व्हायचं. आजच मोज, श्वास आत न ओढता.

आणखी एक. अण्णा लिव्हरनं गेला, म्हणून मी लिव्हरबद्दलच बोलतोय, पण फॅटी लिव्हर असलेल्यांत सगळ्यात जास्त माणसं जातात ती हृदयविकारानं. त्याखालोखाल लिव्हरबाहेरचे कॅन्सर. मधुमेह होण्याची शक्यता जवळपास दुप्पट, किडनीवरही ताण. लिव्हरचा कॅन्सर तर कधीकधी सिरॉसिस नसतानाही होतो. २०२३ मध्ये डॉक्टरांनी या आजाराचं नावच बदललं, त्यात चयापचयाचा बिघाड असा शब्द घातला, ते याचसाठी. तुझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी झटका आला होता, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, बीपी हे सगळं एकदम करून घे.

उपाय आहे, आणि तो खरोखर लागू पडतो. तुझं वजन ७४. त्यातले ५ टक्के, म्हणजे पावणेचार किलो उतरले तरी चरबी कमी होते. ७ टक्के, म्हणजे पाच किलोच्या थोडं वर, गेले की सूजही ओसरायला लागते. १० टक्के, साडेसात किलो, गेले तर अनेकांचे वणसुद्धा मागे हटतात. उपासतापास करून महिन्यात उतरवायला जाऊ नकोस, सहा महिने घे. सगळ्यात आधी कोल्ड्रिंक आणि डब्यातले ज्यूस बंद. त्यातली फ्रुक्टोज ही साखर थेट लिव्हरकडे जाते आणि तिथे तिची चरबी होते. चहाबरोबरची बिस्किटंही बंद. रात्री ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. नीतावहिनींच्या हातची मुगाची उसळ असताना तुला आणखी काय हवं? बिनसाखरेची कॉफी चालते, कॉफी पिणाऱ्यांत वण कमी आढळलेत. शनिवारची बिअर सोड, थोडी असली तरी. आणि तुझ्या मेहुण्यानं दिलेली ती लिव्हरची पावडर घेऊ नकोस. काही जडीबुटींनीच लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अलीकडे अमेरिकेत औषधंही मंजूर झाली आहेत, २०२४ मध्ये रेस्मेटिरोम, २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, पण ती मध्यम ते जास्त वण असलेल्यांसाठी. तो निर्णय डॉक्टरांचा.

मी गुरुवारी सकाळी नऊची फायब्रोस्कॅनची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं. तुला न विचारता घेतली, रागावलास तरी चालेल. आठला हडपसरला तुझ्या दारात येतो. तपासणीआधी तीन तास पोट रिकामं लागतं, तेव्हा सकाळचा चहा घेऊ नकोस. आणि येताना तो रिपोर्ट आण.

तुझा,
विनू