सुपरवायझरची परीक्षा शॉप फ्लोअरवर घ्या

मा. संपादक, नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, म्हणजे फाउंड्रीत, मी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १४ सुपरवायझर म्हणून. आता रिटायर झालोय, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. ओळखीतल्या दोन-तीन पोरांना नुकतंच सुपरवायझर केलं आणि लगेच ‘रेझिलियंट टीम लीडरशिप’चं सर्टिफिकेट करायला लावलं. म्हणजे सोप्या भाषेत, दणका बसला तरी टीम मोडू न देता परत कामाला लावायची कशी. कोर्सला माझा विरोध नाही, आमच्या वेळी असं कुणी शिकवलं असतं तर किती चुका टळल्या असत्या. पण सगळं ऑनलाइन, इंग्रजीत आणि शेवटी चारपैकी एका उत्तरावर टिक. ज्याच्या शिफ्टमध्ये काही मराठी, काही कन्नड आणि फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर, हिंदी बोलणारी पोरं, त्यानं ती टिक करून काय शिकायचं?

माझ्या शेवटच्या वर्षातली गोष्ट सांगतो. जुलै महिना, बेळगावचा पाऊस, चार दिवस उघडीप नाही. मोल्डिंगमधला, म्हणजे साचे बनवायच्या खात्यातला, आमचा एक नंबरचा कारागीर नवीन सुपरवायझर झालेला, सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनमध्ये लावलेलं. खानापूरकडचा एक हेल्पर विजेवरच्या इंडक्शन फर्नेसजवळ स्क्रॅपची पाटी खाली ठेवून म्हणाला, ‘साहेब, हे भिजलंय की.’ हीट, म्हणजे मेटल वितळवायची खेप, आधीच लेट, त्यात डिस्पॅचचे फोनवर फोन, सुपरवायझर ओरडला, ‘तुला विचारलंय काय? टाक!’ पोरानं टाकलं. वितळलेल्या मेटलमध्ये ओलं गेलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मेटल उसळून बाहेर येतं, १४०० डिग्रीच्या आसपासचं. हेल्परनं हात तोंडावर घेतला म्हणून डोळे वाचले, पण मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मी पुढच्या शिफ्टचा चार्ज घ्यायला पोचलो तेव्हा तो नळाखाली हात धरून उभा होता आणि बाकी सगळे जमिनीकडे बघत होते. पुढचे पंधरा दिवस त्या शिफ्टमध्ये कुणी तोंडच उघडलं नाही. ओतलेल्या मालात ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, दिसली तरी गप्प, मेटल ओतायच्या भांड्याचं, लॅडलचं, आतलं लायनिंग गेलं तरी गप्प, आणि चुका नोंदवायचं रजिस्टर बघावं तर एकदम स्वच्छ. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास करताना दिसलं होतं की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद उलट जास्त होते, कारण तिथं चूक सांगायची भीती नसते. मी हे खूप नंतर वाचलं आणि ते स्वच्छ रजिस्टर डोळ्यासमोर आलं.

मग एका सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो सुपरवायझर सगळ्यांसमोर त्या हेल्परला म्हणाला, ‘तू बरोबर सांगितलं होतंस, चूक माझी झाली.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी एकजण कोअर, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, ओला आहे म्हणून सांगायला आला. खरा पास तर तो तेव्हा झाला, पण ते बघायला सर्टिफिकेट देणारं कुणीच तिथं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांना एकदम हजारो नवीन सुपरवायझर लागले, तेव्हा १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ सुरू झालं. माणसं सांभाळायचा भाग फक्त १० तासांचा, दोन-दोन तास करून पाच वेळा. त्यात प्रत्येकानं आपल्या खात्यात खरंच घडलेला प्रसंग गटासमोर मांडायचा, आधी सगळी माहिती घ्यायची, मग विचार करून ठरवायचं, करायचं आणि नंतर परिणाम काय झाला ते जाऊन बघायचं. युद्धानंतर हेच जपानला गेलं, टोयोटानं उचललं. मग ८० वर्षांनी आपण नुसतं उत्तरावर टिक करण्यावर का आलो?

उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या उद्योजकांना आणि आयटीआय, पॉलिटेक्निकवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हा कोर्स मराठीत आणि कन्नडमध्ये घ्या. सर्टिफिकेट लगेच देऊ नका. तीन महिने शिफ्ट चालवू दे, मग कुणीतरी जाणत्यानं दोन दिवस त्याच्या मागं उभं राहून बघावं, लाइट गेल्यावर हा काय करतो, हेल्परनं ‘थांबा’ म्हटल्यावर थांबतो की नाही, आणि हेल्परलाही बाजूला घेऊन विचारावं. खर्चाचं म्हणाल तर अनगोळ, मजगावात माझ्यासारखे रिटायर झालेले चार-पाच सुपरवायझर आहेत, मी त्यांच्याशी बोललोय. रविवारी सकाळचे दोन तास आम्ही फुकट द्यायला तयार आहोत, जागा आणि पोरं तेवढी तुम्ही द्या.

एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर,
अनगोळ, बेळगाव