एचपीव्ही चाचणी आधी धाराशिवला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. 'ग्रामीण महिला लाजेपोटी तपासणीला येत नाहीत' या वाक्याशी आले आणि पेपर घडी घालून ठेवला. मी अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काढली. बायका येतात. माझ्या शब्दावर माझी थोरली जाऊ आली होती.

शिबिर शाळेच्या वर्गात होतं. खिडकीला लुगडं मी बांधलं, दाराला कडी नव्हती म्हणून बाहेर मीच उभी राहिले. आत गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून (बिघडलेली जागा त्यानं पांढरी दिसते) मोबाइलच्या उजेडात बघितलं आणि 'पांढरा डाग नाही, काळजी करू नका' असं सांगितलं. जाऊबाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. दीड वर्षानं अंगावरून जायला लागलं. बार्शीला नेलं तेव्हा आजार तिसऱ्या टप्प्यात होता. तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं, पाळी गेल्यावर हा आजार जिथं सुरू होतो तो भाग आत सरकतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग त्या वयाच्या बाईला 'काळजी करू नका' कशाच्या भरवशावर सांगितलं?

लेखात व्हिनेगर, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) आणि एचपीव्ही (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो शोधणारी) या तिन्ही चाचण्या सारख्याच धरल्यात. अहो, त्यांची तुलना १९९९ पासून आमच्याच जिल्ह्यात झाली, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आठ वर्षांत, एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. तपासणीच न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. व्हिनेगर आणि पॅपच्या गटांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत व्हिनेगरनं मृत्यू कमी झाले, हे खरं. पण तिथं दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासलं. आमच्याकडं पाच वर्षांत एक शिबिर आलं तर आलं.

शिवाय एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. खिडकीला लुगडं बांधावं लागत नाही. ज्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे हे जगाला कळलं, त्यांना ही चाचणी आधी मिळायला हवी.

आणि लेखासोबत तुम्ही शिबिराच्या रांगेचा फोटो छापलात. त्यातल्या तिघी आमच्या गल्लीतल्या आहेत, चेहरे स्पष्ट ओळखू येतात. त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. त्यांतल्या एकीनं आज सकाळीच मला सांगितलं, "बाई, पुढच्या शिबिराला माझं नाव घालू नका."

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. भूम, जि. धाराशिव