तसबिरीचा घोटाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘अंदाज अपना अपना’ या सिनेमावरचा लेख आवडीने वाचला. माणसांची ओळख चुकण्यातून उडणाऱ्या गोंधळावर लेखकाने छान लिहिले आहे. मात्र लेखासोबतच्या छायाचित्रात मध्ये परेश रावल आणि दोन बाजूंना त्यांचे दोन साथीदार आहेत, आणि खालच्या ओळीत त्या दोघांची नावे उलटी पडली आहेत. विजू खोटे यांच्या चेहऱ्याखाली शहजाद खान, शहजाद यांच्या चेहऱ्याखाली विजू खोटे! ओळखीच्या घोळावरच्या लेखात ओळखीचाच घोळ. आमच्या चहाच्या कट्ट्यावर त्यावरून बराच हशा पिकला. एकाचे तर म्हणणे पडले की हे तुम्ही मुद्दाम केले असणार. तसे असेल तर दाद देतो. नसेल तर दुरुस्ती छापावी.

दुरुस्तीपुरते पत्र दोन ओळींत संपले असते. पण लेख पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले की विजू खोटे यांचे नाव त्या चुकलेल्या ओळीशिवाय कुठेच नाही. आमिर, सलमान, रवीना, करिश्मा यांच्याबद्दल लिहिले आहे. परेश रावल यांच्या दुहेरी भूमिकेबद्दल आहे. गोगो झालेल्या शक्ती कपूरना तर अख्खा परिच्छेद (गोगो हा मोगॅम्बोचा मुलगा नव्हे, पुतण्या, तेही जाता जाता दुरुस्त करा). विजू खोटे यांच्या रॉबर्टच्या वाट्याला काही नाही.

मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त झालेला हौशी नट. राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षे कामे केली, पण नायक एकदाही नव्हतो. नोकर, हवालदार, लग्न जुळवणारा मामा, हेच वाट्याला आले. त्यामुळे सिनेमा पाहतानाही माझी नजर कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे आधी जाते.

या सिनेमात ओळखीचे घोळ दोन जातींचे आहेत. लंडनहून उटीला आलेली श्रीमंत मुलगी आणि तिची सेक्रेटरी यांनी आपापसांत नावे बदलली आहेत, हे अमर-प्रेम या दोन नायकांना ठाऊक नाही आणि बराच वेळ आपल्यालाही ठाऊक नसते. कळते तेव्हा आपण एकदा चकित होतो आणि विषय संपतो. तेजा आणि रामगोपाल बजाज या परेश रावल यांनीच केलेल्या जुळ्यांचे तसे नाही. तिथे सगळे आधीच आपल्या हाती दिलेले आहे. गंमत आहे ती आता कोण कुठे फसतो याची वाट पाहण्यात, म्हणून ती दहाव्यांदा पाहतानाही कमी होत नाही. पण अशा प्रसंगात कुणीतरी मनापासून फसावे लागते. फसणाऱ्याने ‘पाहा, मी कसा फसतोय’ असा भाव चेहऱ्यावर आणला की हशा गेला. विजू खोटे तो कधीही आणत नाहीत. मालकाला ओळखण्यात चूक झाली की त्यांचा रॉबर्ट खरोखरच ओशाळतो, सरकारी कचेरीत चुकीच्या टेबलावर अर्ज ठेवून आलेल्या माणसासारखा. शेजारच्या भल्लाकडे निदान एक हुकमी पान आहे: शहजाद खान हे अजित यांचे चिरंजीव, त्यामुळे वडिलांचा तो लांबवलेला स्वर त्यांनी घरूनच आणला. रॉबर्टकडे असे काही नाही. चुकीसाठी एक हिंदी आणि एक इंग्रजी शब्द एकाच दमात वापरणारे त्याचे ते ‘गलती से मिस्टेक’वाले वाक्य आज कोणाच्याही तोंडी असते. मात्र ते म्हणणारा नट कोण, हे दहातले आठ जण सांगू शकणार नाहीत.

दुहेरी भूमिकेचे लेखकाने फार कौतुक केले आहे. ते योग्यच, पण त्यातले अर्धे श्रेय भोवतालच्या मंडळींचे असते. फिल्मच्या जमान्यात ही करामत करायची तर कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, भिंगापुढे अर्धी चौकट झाकायची, नटाने उघड्या बाजूला काम करायचे. मग फिल्म मागे घ्यायची, दुसरी बाजू उघडायची आणि त्याच नटाने कपडे बदलून पुन्हा उभे राहायचे. किंवा मग एकाच्या पाठीमागून दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा. ती पाठ भलत्याच कुणाची असते. म्हणजे नट बोलतो तो रिकाम्या जागेशी नाहीतर परक्या पाठीशी. तिथे त्याचाच जुळा भाऊ उभा आहे हे आपल्याला पटते ते तिसऱ्याच्या डोळ्यांवरून. त्याची नजर वीतभर चुकली तरी सगळे उघडे पडते. असा तिसरा माणूस किती मोलाचा, हे रंगमंचावर ट्रे घेऊन उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

आम्हा सांगलीकरांना या प्रकाराचे अप्रूप जरा जास्तच. नाटककार देवल मास्तर इथून जवळच्या हरिपूरचे. त्यांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये एक तसबीर भलत्या हाती पडते आणि फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघेही एकमेकांवर डोळे वटारून बसतात. नाटकाच्या आधीच्या गद्य रूपाच्या नावातच ‘तसबिरीचा घोटाळा’ हे शब्द होते. (आता कळले ना, तुमची ती फोटोओळ पाहून मला पत्र लिहावेसे का वाटले?) त्या नाटकात मी फाल्गुनरावांचा नोकर भादव्या केला होता. मालकाचा संशय खरा की खोटा, याच्याशी भादव्याला देणेघेणे नसते, तो आपला हुकूम पाळतो. आमचे दिग्दर्शक तालमीत ओरडायचे, ‘तुला नाटक विनोदी आहे हे माहीतच नाही असे समजून कर!’ पुढे रॉबर्टला पडद्यावर पाहिले आणि तेव्हा न उमगलेले ते वाक्य उमगले.

‘त्या काळचा सुपरहिट’ हा उल्लेखही खटकला. 4 नोव्हेंबर 1994 ला आलेला हा सिनेमा तेव्हा चालला नव्हता. मी पाहिला तेव्हा थिएटरात पंखे जास्त आणि माणसे कमी होती. त्याला जीवदान दिले ते केबल आणि टीव्हीने, दुपारी वाट्टेल तिथून सुरू करून पाहणाऱ्यांनी. 25 एप्रिल 2025 ला तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा पुतणीने मला पुण्यात नेले. सगळे प्रेक्षक नटांच्या आधी संवाद म्हणत होते. रॉबर्टच्या त्या वाक्याला इतका ओरडा झाला की पुढची दोन वाक्ये ऐकूच आली नाहीत. पुतणीला विचारले, हा नट कोण? म्हणाली, ‘काका, रॉबर्ट!’

विजू खोटे 30 सप्टेंबर 2019 ला गेले. तेव्हा बहुतेक ठिकाणी ‘शोले’तला कालिया गेला एवढेच आले. कालिया मोठाच, पण तो पडद्यावर असतो किती वेळ! शुभा खोटे यांचे हे धाकटे भाऊ, मूकपटांत आणि रंगभूमीवर काम केलेल्या नंदू खोटे यांचे चिरंजीव, दुर्गाबाई खोटे यांच्या घरातले. ‘जबान संभालके’ मालिकेतला हिंदी शिकायला आलेला मराठी विठ्ठल बापूराव पोटे आमच्या घरी दर आठवड्याला पाहिला जायचा. घराण्यापासून कामापर्यंत इतके सगळे असताना मराठी वर्तमानपत्रात त्यांच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचे नाव यावे, हे काही बरे नाही.

तर दुरुस्ती अशी: छायाचित्रात डावीकडे विजू खोटे, उजवीकडे शहजाद खान. मधले परेश रावल हे तेजा आहेत की बजाज, ते मात्र भिंग लावूनही मला सांगता आलेले नाही.

आपला,
एक जुना भादव्या, सांगली