बेडकाची कातडी आणि न भरणारी जखम

महोदय,

वडिलांच्या मधुमेही पायाच्या जखमेला चिकटलेला गॉज रोज सकाळी सलाईनने भिजवून सोडवताना, अँटिबायोटिके निष्प्रभ ठरणे म्हणजे काय ते कळते. १९८७ मध्ये अमेरिकी संशोधक मायकेल झास्लॉफ यांनी, शस्त्रक्रियेनंतर अस्वच्छ पाण्यात राहूनही आफ्रिकन बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत हे हेरून, त्यांच्या कातडीतून जिवाणूंच्या पटलाला छिद्रे पाडणारी, अवघ्या २३ अमिनो आम्लांची ‘मॅगेनिन’ पेप्टाइडे (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) वेगळी केली. त्यावर बेतलेल्या, मधुमेही पायाच्या जखमांसाठीच्या पेक्सिगॅनन मलमाला मात्र १९९९ मध्ये अमेरिकेत परवानगी नाकारली गेली, आणि तो निर्णय मला कठोर असला तरी रास्त वाटतो. सह्याद्रीतील बेडकांचा अभ्यास पुण्यातील प्रयोगशाळांनी नेटाने करावा. तोवर कोणी जखमेवर बेडूक चोळू नये!

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे