नोटेचे चित्र की नोट?

संपादक महोदय,
बनावट नोटा छापणारे पकडले गेल्याच्या बातम्या आपण नेहमीच वाचतो. अमेरिकेत मात्र नोटेचे चित्र काढले म्हणून विल्यम हार्नेट हा चित्रकार गोत्यात आला होता. १८७७ साली त्याने पाच डॉलरची चुरगळलेली, कडा फाटलेली नोट तैलरंगात हुबेहूब रंगवली. १८८६ मध्ये बनावट नोटा पकडणाऱ्या अमेरिकी सरकारच्या सीक्रेट सर्व्हिसने न्यूयॉर्कच्या एका मद्यालयातून ते चित्र उचलले आणि हार्नेटला तंबी देऊन सोडले. चित्रातली नोट वाण्याकडे कोण चालवणार होते, देव जाणे! हार्नेटने पुन्हा नोट रंगवली नाही. जॉन हॅबर्ली हा दुसरा अमेरिकी चित्रकार मात्र वस्ताद. त्यालाही इशारा मिळाला, तरी तो नोटा रंगवतच राहिला. १८८९ मध्ये शिकागोच्या एका समीक्षकाने त्याच्या एका चित्राबद्दल लिहिले, ही खरी नोटच चिकटवली आहे. हॅबर्ली तडक तिथे गेला. जाणकारांनी भिंग लावून पाहिले, थोडा रंग खरवडला, तेव्हा कुठे समीक्षकाला शब्द मागे घ्यावे लागले.
अशा चित्रांवर रविवार पुरवणीत एखादे पान जरूर द्यावे. तेवढे रंगीत छापा. काळ्यापांढऱ्या छपाईत त्यातली गंमत कळायची नाही.
– एक वाचक, सांगली