आंजर्ल्याकडे पायी

पुणे,
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हल्ली बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या सोयीने सांगते, म्हणून हे पत्र. आई, मोठ्याने वाच आणि मधली वाक्यं गाळू नकोस.

मी धडधाकट आहे. घोट्यांवर जळवांचे डाग आहेत, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, बाकी काही नाही. मध्ये फोन लागत नव्हता तेव्हा तू देव पाण्यात घालून बसली होतीस, हे वहिनीने सांगितलं. घाटमाथ्यावरच्या हातलोट गावात रेंज नाही, घाटात तर नाहीच, हे निघतानाच बोलले होते. पण ते तेव्हा ऐकणं वेगळं आणि रात्री विजा लवताना घरात बसून आठवणं वेगळं, हे कळतं मला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने बाग आडवी केली, तेव्हापासून आभाळ काळवंडलं की बाबा ओटीवर येऊन उभे राहतात, तेही बघते. तेव्हा 'काळजी करू नका' असलं काही लिहीत नाही. महाबळेश्वरहून खेडकडे चालताना डोंगरात हवा कशी वागली आणि आम्ही दोघी मैत्रिणी कशा वागलो ते लिहिते. पुढचं तुम्ही ठरवा.

महाबळेश्वरला एसटीतून उतरलो आणि रडतोंडीच्या घाटाने खाली पारला गेलो. १६५९ साली अफजलखानाची फौज ह्याच वाटेने जावळीत उतरली म्हणतात. आमच्या पाठीवर अकरा-अकरा किलो होते तरी गुडघे बोलायला लागले, त्या लोकांनी लवाजमा कसा उतरवला असेल कोण जाणे. पारला कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून वापरात आहे. त्यावर बसून पाय धुतले, आंबापोळी खाल्ली आणि चतुर्बेटच्या बाजूने मकरंदगडाच्या पायथ्याला घोणसपूरला मुक्कामाला गेलो.

आता हवेचं. बाबा, परतीचा पाऊस आपल्याकडे संध्याकाळी डोंगराच्या अंगाने गडगडत येतो ना, आषाढातल्यासारखा समुद्रावरून नाही, तो जिथे तयार होतो तिथेच आम्ही होतो. सकाळी आभाळ धुतल्यासारखं. मकरंदगडाच्या माथ्यावरून, म्हणजे १२०० मीटरहून जास्त उंचीवरून, मागे महाबळेश्वरचं पठार, शेजारी प्रतापगड आणि पश्चिमेला खाली महिपत, सुमार, रसाळ ह्या तिन्ही गडांची डोकी एका ओळीत दिसत होती. दहा वाजता ऊन चटके द्यायला लागलं. अकराच्या सुमाराला कोकणाकडच्या दऱ्यांतून पांढरे पुंजके वर यायला लागले. जमीन ओली, ऊन कडक, खालून दमट हवा डोंगराला टेकून वर चढते आणि वर गेली की तिचा ढग होतो. एक वाजता त्या पुंजक्यांचे मनोरे झाले आणि तीनला पहिला कडाका. रोज हेच, फक्त वेळ पुढेमागे.

त्यामुळे आमचा नियम एकच होता: उजाडायच्या आत निघायचं आणि बाराच्या आत माथा सोडायचा. वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तिनाने भागलं की ती किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धारेवर थांबायचं नाही, एकट्या झाडाखाली जायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर निघायचं नाही. दामिनी ॲप होतं फोनमध्ये, विजेचा इशारा देणारं, पण रेंज नसेल तिथे त्याचा काय उपयोग? तिथे कान आणि आकडे. हे सगळं लिहिते आहे ते आईसाठी. तुला वाटतं की आम्ही वारा येईल तशा भटकतो.

घोणसपूरला ज्यांच्या पडवीत झोपलो त्यांची नाचणी अजून शेतात उभी होती. ते काका रात्री दोनदा उठून आभाळ बघून आले. बाबांची आठवण झाली.

आई, तुझ्या कुळथाच्या पिठाने तारलं. मैत्रिणीने पुण्यातून महागडी तयार पाकिटं आणली होती, गरम पाणी घाला आणि खा अशी. पहिल्याच रात्री तिने ती बाजूला ठेवली. मी पिठात आधीच मीठ, तिखट, लसणीची पूड आणि आमसुलाचे तुकडे मिसळून लहान पिशव्या केल्या होत्या. छोट्या शेगडीवर पाणी उकळलं की पीठ घालायचं, गुठळ्या मोडायच्या, दोन कढ आले की झालं. पावसात भिजून थरथरत आल्यावर त्या पिठल्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो तेव्हा काय वाटतं ते मी लिहू शकत नाही. वजनाला हलकं, पोटाला जड. दिवाळीला आले की किलोभर दळून ठेव. आंबापोळी मात्र कमी दिलीस.

कोरडं राहण्याचा प्रश्न मोठा होता. सॅकच्या आत मी खताच्या गोणीतलं प्लास्टिक घातलं, दादाने दिलेलं, स्वच्छ धुऊन. झोपायची पिशवी आणि कपड्यांचा एक जोड शेवटपर्यंत कोरडा राहिला. अंगावरचा रेनकोट मात्र फसवा. पाऊस आत येत नाही, पण चढावर घाम बाहेर जात नाही, म्हणजे भिजायचं ते भिजायचंच. आजोबांचं इरलं अजून माळ्यावर आहे का? पुढून उघडं, वाकून लावणी करताना पाठ कोरडी आणि वारा खेळता. दुकानदार आता हेच गुण सांगून भलत्या किमतीला जॅकेटं विकतात.

हातलोटहून बिरमणीला उतरणारा घाट हा ह्या वाटेचा गाभा. वर पडलेलं पाणी कोयनेतून कृष्णेला, म्हणजे पार बंगालच्या उपसागरात जातं. खिंडीपलीकडे पडलेलं जगबुडी, वाशिष्ठी करत दाभोळच्या खाडीला. खिंडीत पाणी पिताना मी बाटलीतलं थोडं आपल्या बाजूला सांडलं, उगाच.

घाटात वाटाड्या घेतलाच होता. हातलोटचे एक काका, साठीचे असतील, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात कोयता. आमच्या बुटांकडे बघून हसले, पण बोलले काही नाहीत. पावसाळ्यानंतर कारवीची झुडपं डोक्यावर गेलेली असतात, खाली वाट आहे की नाही ते दिसतच नाही. ते पुढे कारवी खसाखसा तोडत आणि दर वळणावर एक फांदी मोडून, पाला उलटा करून ठेवत. पानांची फिकट बाजू लांबून दिसते, परतताना धुकं असलं तरी. निघायच्या आधी त्यांनी तंबाखू भिजवलेलं पाणी आमच्या घोट्यांना लावायला दिलं होतं. मी नीट लावलं, मैत्रिणीला वास सहन होईना. जळवांनी दोघींमध्ये फरक केला, पण फार नाही.

अर्ध्या घाटात एक ओढा ओलांडायचा आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाणी पोटरीला होतं आणि डोक्यावर ऊन. काका थांबले, वर माथ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. म्हणाले, "पानी गढूळ व्हाया लागलंय, वर कुठंतरी पडतोय. खायाचं पल्याड." आम्ही डबे सोडलेले तसेच बंद केले आणि पलीकडे गेलो. आमचा भात खाऊन होईपर्यंत ज्या दगडावर मघाशी पाय दिला होता तो दिसेनासा झाला. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता. धबधब्याखाली उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना एकदा ह्या काकांच्या हवाली केलं पाहिजे.

बिरमणीला उतरलो आणि हवा बदलली. तोच दमट, जड वास, कापलेल्या भाताचा, आणि माणसांची बोली आपल्यासारखी. तिथून महिपतगडाच्या खांद्यावर बेलदारवाडीत चढलो. एका आजींनी पाणी दिलं आणि गाव विचारलं. आंजर्लं म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग डोंगरात कशाला? समुद्र आटला काय?" वाडीत जाणती माणसं आणि दोन कुत्रे. बाकी सगळं मुंबईला.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. महिपतहून रसाळगडाला जाणारी धार सुमारगडावरून जाते. सुमारगड बघायचा म्हणून आम्ही कित्येक महिने नकाशे घोकले होते. त्याच्या शेवटच्या टप्प्यात कातळ आहे. आम्ही खाली पोचलो तेव्हा कातळावरून पाणी निथळत होतं, शेवाळ चकाकत होतं आणि वीज मोजली तर पंचवीस सेकंद. मैत्रीण म्हणाली, पटकन वर जाऊन येऊ. मी नाही म्हटलं. पाच मिनिटं ती माझ्याशी बोलली नाही. जंगलातल्या आडव्या वाटेने आम्ही गड उजवीकडे ठेवून निघून गेलो. सुमारगड कुठे पळत नाही.

रसाळगडावर झोलाई-वाघजाईच्या देवळात रात्र काढली. तोफा, तळं, आणि रात्रभर पाऊस, वर सुखाने झोप. सकाळी निमणीला उतरलो, एसटीने खेड, आणि तिथून पुणं. पावसाने इतका वेळ खाल्ला की रजा संपली. मनात होतं ते समुद्रापर्यंत चालत यायचं, ते राहिलं. असं होईल वाटलंच होतं, म्हणून तुम्हाला डोंगरातून खेडला उतरून परत येते एवढंच सांगितलं होतं.

तर उरलेलं दिवाळीनंतर करीन म्हणते. तोवर विजा थांबलेल्या असतात, कातळाच्या सड्यावर गवत पिवळं पडतं, सकाळी दवाने पाय भिजतील तेवढेच. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, पण डांबरी रस्त्याने गाड्यांच्या धुरात चालायचं नाही मला. तुम्ही हायस्कूलला असताना आंजर्ल्याहून दापोलीला चालत जायचात ती वाट कुठून होती? पूल व्हायच्या आधी खाडी तरीने ओलांडून, मग कुठली पायऱ्यांची पाखाडी चढायची आणि सड्यावर कुठे वळायचं? पाणी कुठल्या विहिरीला बारमाही असायचं? दादाच्या फोनवरच्या नकाशात त्यातलं काही नाही. गावात तुमच्या वयाचे अजून जे आहेत त्यांनाही विचारा. मधल्या कुठल्या जमिनीला कुंपण पडलं असेल तर तेही सांगा, म्हणजे आधी मालकाला विचारता येईल.

कागदावर काढून पाठवा, नीट मोठ्या अक्षरात, आणि आईला काढू देऊ नका, तिची उत्तर दिशा नेहमी देवघराकडे असते. गुडघा बरा असेल तर शेवटच्या पाखाडीच्या पायथ्याशी या. नसेल तर दादा गाडी घेऊन येईल. तुम्ही गाडीत बसा, मी मागून येते.

बागेतल्या नव्या सुपारीच्या रोपांना आळी केलीत का? भात पावसाच्या आधी घरात आलं का, तेही कळवा.

तुमची,
धाकटी